जहाज पाचला सुटणार, आणि आम्ही साडेअकरालाच परत

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय ६२, यजमानांचे ६७. यजमान एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. लग्नाला चाळीस वर्षे होत आहेत म्हणून येत्या मे महिन्यात दोघांनी २१ दिवसांची भूमध्य समुद्रातील क्रूझ ठरवली आहे. बार्सिलोनाहून निघून जहाज तेरा बंदरांना लागेल आणि पुन्हा बार्सिलोनाला येईल. पैसे भरून झाले आहेत, पण भगिनींचा उत्साह ओसरला आहे. त्याला कारण आहे तीन वर्षांपूर्वी सिंगापूरहून केलेली चार रात्रींची क्रूझ. त्या वेळी जहाज एक दिवस मलेशियातल्या पेनांगला थांबले होते आणि संध्याकाळी पाचला सुटणार होते. दोघे साडेनऊला खाली उतरले, धक्क्याजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी फोटो काढला, लिटल इंडियाच्या तोंडापर्यंत गेले, आणि तेवढ्यात यजमानांचे "चला, उशीर नको" सुरू झाले. साडेअकराला दोघे जहाजावर परतले होते. पुढचे साडेपाच तास भगिनींनी डेकवरच्या खुर्चीत बसून समोरचे गाव पाहण्यात घालवले. "मी काहीच बोलले नाही," असे त्या लिहितात. यजमानांच्या धास्तीचे मूळ त्यांच्या मते १९८८ सालचे आहे. नागपूरला लग्नाला जाताना मनमाडच्या फलाटावर यजमान फिरकीच्या तांब्यात पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. भगिनी वर्षाच्या मुलीला घेऊन, टीसीला सांगून, जळगावला उतरल्या. स्टेशन मास्तरांकरवी मनमाडला निरोप धाडला. चार तासांनी यजमान मागच्या गाडीने आले. आता मुलगी म्हणते, "आई, तू सरळ एकटी उतर." नणंदबाई म्हणतात, "जोडीने जाताय, तर जोडीनेच फिरा." भगिनी विचारतात: तेराही बंदरांत यांच्या मनाप्रमाणे धक्क्याच्या आसपास फिरून परत यायचे, की चाळीस वर्षांनंतर परदेशात जाऊन वाद घालायचा?

ताई,

तुमच्या पत्रात दोनच पर्याय आहेत, धक्क्यापाशी घुटमळणे किंवा भांडणे, आणि दोन्ही तुम्हाला नको आहेत. मला वाटते, पेनांगच्या त्या दिवसाचा हिशेब तुमच्या घरात अजून कोणी मांडलेलाच नाही, म्हणून असे वाटते. तो आधी मांडू.

पेनांगला क्रूझची जहाजे स्वेटनहॅम धक्क्याला लागतात आणि हा धक्का जॉर्ज टाउन या जुन्या गावाला अगदी खेटून आहे. तुम्ही जिथे फोटो काढला तो मनोरा व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाल्याची आठवण म्हणून उभारलेला आहे. वर्षाला एक फूट या हिशेबाने त्याची उंची ६० फूट ठेवली आहे. तिथून लिटल इंडिया पायी दहा-बारा मिनिटांवर. तिच्या तोंडाशी न थांबता तुम्ही आत शिरला असता, तर १८३३ सालचे महामारियम्मन मंदिर, त्याच पट्ट्यातली कापितान केलिंग मशीद, चिनी लोकांचे क्वान यिन मंदिर, आणि थोडे पुढे समुद्रात लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या, हे सगळे जेमतेम दीड-दोन किलोमीटरच्या आत होते. केळीच्या पानावर निवांत जेवून, अधूनमधून सावलीला टेकून, गुडघ्यांना त्रास न देता हे पाहून तुम्ही तीनला जहाजावर परतला असता, आणि तरीही जहाज सुटायला दोन तास उरले असते. युनेस्कोने २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले ते गाव तुम्ही खुर्चीत बसून पाहिलेत. हे मी जखमेवर मीठ चोळण्यासाठी सांगत नाही. यजमानांना भीती वाटत होती हे खरेच, पण त्या भीतीसमोर ठेवायला तुमच्या दोघांपैकी कोणाकडेही आकडा नव्हता, आणि आकडा नसला की जो जास्त घाबरलेला असतो त्याचेच चालते.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. "मी काहीच बोलले नाही" हे तुम्ही सोसल्याच्या सुरात लिहिले आहे. मला मात्र अशी शंका आहे की यजमानांना त्या दिवसाचे काही विशेष आठवतही नसेल. त्यांच्या लेखी तो दिवस सुरळीत पार पडला: उतरलो, फोटो काढला, वेळेत परतलो, दुपारी जेवून डुलकी काढली. तुम्ही डेकवर बसलेल्या त्यांना दिसल्या असाल, पण क्रूझवर माणसे डेकवर बसायलाच जातात. तीन वर्षे तुम्ही जे मनात धरून आहात ते त्यांना ठाऊक आहेच असे समजून तुम्ही पुढच्या तेरा बंदरांचा निकाल लावून मोकळ्या झाला आहात. त्यांना आधी कळू तर द्या. "पेनांगला मला आणखी फिरायचे होते, पण तेव्हा बोलता आले नाही," एवढे एकच वाक्य, निघण्याच्या बरेच आधी, घरी, चहाच्या वेळी बोलून टाका. जहाजाच्या जिन्यावर, मागे माणसे खोळंबलेली असताना हेच वाक्य काढले, तर त्याचे भांडण झाल्याशिवाय राहणार नाही.

मनमाडची हकिकत मी दोनदा वाचली. "यांची गाडी चुकली" या नावानेच ती तुमच्या घरात आजवर सांगितली गेली असणार. पण फलाटावर भरलेला तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दिवशी करण्यासारखे काहीच उरले नव्हते. जे काही केले ते गाडीत राहिलेल्या बाईने केले. नागपूरपर्यंत न जाता अलीकडे उतरायचे, टीसीला गाठायचे, मागे निरोप धाडायचा, आणि कडेवरच्या लेकीला सांभाळत ठरल्या जागेवरून न हलता थांबायचे, हे सगळे मोबाईल नसलेल्या काळात, वयाच्या चोविशीत तुम्ही एकटीने ठरवले. गाडी चुकल्यावर कसे वाटते हे त्यांना ठाऊक आहे. गाडी चुकल्यावर काय करायचे असते हे तुम्हाला ठाऊक आहे. हे दोन निरनिराळे अनुभव आहेत, पण घरात ते एकच म्हणून सांगितले गेले, आणि त्यामुळे प्रवासातल्या वेळेचा कारभारही आपोआप त्यांच्याकडे राहिला. त्यातला बंदरापुरता भाग आता तुम्ही आपल्याकडे घ्यावा, असे मी सुचवते. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" म्हणून काही होत नाही. "हिशेब मी मांडला आहे, हा बघा कागद," असे म्हटले तर निदान त्याला वाचायला काहीतरी मिळते.

एक गोष्ट यजमानांच्या बाजूने. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे भोंग्यावर गेट गाठले, त्याच्या अंगात वेळ अशी मुरलेली असते की पाच मिनिटांचा उशीर त्याला चारित्र्याचा डाग वाटतो. त्याची चेष्टा करू नये, आणि मुलींनी तर मुळीच करू नये. मात्र निघायच्या विचाराने त्यांची झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, घाम फुटत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. त्यावर उपाय असतात आणि ते सदरात सांगण्याचे नाहीत.

बाकी भीतीचे मी एवढेच म्हणेन की तिला एक खूण लागते. आपण नाशिककर पावसाळ्यात काय करतो ते आठवा. गोदेला पाणी चढू लागले की सराफ बाजारातला दुकानदार धरणातून किती क्युसेक सोडले ते ऐकतो खरा, पण त्याची खात्री पटते ती नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, यावर माल हलवायचा की नाही हे ठरते. गुडघ्याला असताना कोणी दुकान रिकामे करत नाही, आणि छातीला आल्यावर कोणी वाद घालत बसत नाही. तुमच्या यजमानांच्या भीतीला असा मारुती मिळालेला नाही, म्हणून ती सकाळी साडेअकरालाच छातीपर्यंत चढते. प्रत्येक बंदरासाठी परत फिरण्याची एक वेळ आदल्या रात्री कागदावर लिहायची, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे.

ती वेळ कशी काढायची ते रोमवरून सांगते. कार्यक्रमपत्रिकेत "रोम" लिहिलेले असते, पण जहाज उभे राहते चिविटावेक्किया नावाच्या बंदरात, आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर आहे. साधारण आपल्या इथून शिर्डी म्हणा. समजा पत्रिकेत सकाळी सात ते संध्याकाळी सात असे लिहिले आहे. वाटते बारा तास. पण जहाज धक्क्याला लागल्यावर बंदराचे सोपस्कार होतात, आधी जहाजाच्या सहलीचे गट सोडतात, आणि आपण जमिनीवर पाय ठेवेपर्यंत आठ वाजतात. दुसऱ्या बाजूने, जहाज सातला सुटणार म्हणजे सर्व प्रवाशांनी साडेसहाला आत असले पाहिजे. ही वेळ जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, आणि आपल्यासाठी खरी वेळ तीच. काही बंदरांत ती तासभर आधीचीही असते. तिच्या आधी आणखी दीड तास आपला राखीव ठेवा, म्हणजे पाचला बंदराच्या दाराशी. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात. म्हणजे प्रत्यक्ष रोममध्ये हातात सहा तास, आणि परतीची बस किंवा गाडी पकडण्याची वेळ साडेतीन. हा तुमचा मारुती. सहा तासांत कोलोसियम आणि आणखी एखादे ठिकाण नीट पाहून होते. त्याखेरीज व्हॅटिकनही, ट्रेव्हीचे कारंजेही आणि खरेदीही असे मनात धरले, तर तुमच्या यजमानांची धास्ती बरोबर ठरेल.

वेळ ठरली की एक करार करा. त्या वेळेआधी यजमानांनी "चला" म्हणायचे नाही, आणि त्या वेळेनंतर तुम्ही "पाचच मिनिटे" म्हणायचे नाही. करार दोन्ही बाजूंनी बांधणारा हवा, कारण सराफाच्या किंवा कापडाच्या दुकानात शिरल्यावर आपली पाच मिनिटे किती लांबतात हे, ताई, तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. घड्याळ सांभाळण्याचे काम मात्र यजमानांनाच द्या. जहाजाची वेळ आणि त्या देशाची वेळ कधी कधी निराळी असते. मोबाईल जमिनीवर उतरताच आपली वेळ आपण होऊन बदलतो, आणि जहाज तर स्वतःच्या वेळेनेच सुटते. म्हणून एका हातघड्याळावर जहाजाची वेळ लावून ते मनगटावरून काढायचेच नाही, हे काम त्यांच्याइतके चोख कोणी करणार नाही.

आता तेरा बंदरांकडे एकच बंदर असल्यासारखे पाहू नका. पत्रात तुम्ही दिलेली यादी मी गावाच्या अंतराप्रमाणे लावून पाहिली, आणि त्यातच निम्मा प्रश्न सुटतो.

काही ठिकाणी गाव जहाजाच्या पायथ्याशीच असते. माल्टाचे व्हॅलेटा हे त्यातले सर्वोत्तम, आणि माझे ऐकाल तर यजमानांची पहिली मोठी फेरी तिथेच करा. १५६६ साली वसवलेले हे तटबंदीचे शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम किलोमीटरभर लांब आहे, म्हणजे आपल्या सीबीएस बसस्थानकावरून रविवार कारंज्याला चालत जाण्याइतके. धक्क्याजवळून ५८ मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बराक्का बागेत नेते, त्यामुळे तुमच्या गुडघ्यांचाही प्रश्न नाही. बागेच्या कमानींतून खाली सगळे ग्रँड हार्बर दिसते, आणि बहुधा त्यात तुमचे जहाजही. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ उडवतात. यजमानांना तिथल्या बाकावर बसवा, समोर जहाज उभे असलेले त्यांना दिसू द्या, हातात कॉफी द्या, आणि तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात सेंट जॉनच्या चर्चमध्ये जाऊन चित्रकार काराव्हाज्जोचे १६०८ सालचे भव्य चित्र पाहून या. जहाज नजरेसमोर असताना माणूस किती वेळ शांत बसू शकतो, याचीही परीक्षा होईल.

माँटेनेग्रोतील कोटोरही तसेच. डोंगरांनी वेढलेल्या उपसागरात जहाज शिरते, आणि धक्क्यासमोरचा रस्ता ओलांडला की जुन्या गावाची वेस. गाव एवढे लहान की दहा मिनिटांत आरपार चालून होते. वरच्या किल्ल्याला १३५० पायऱ्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या त्यापुढे काहीच नाहीत. खाली चौकात बसून मांजरे पाहिलीत तरी सकाळ सार्थकी लागते. मांजरांसाठी ते गाव प्रसिद्धच आहे. एकटीने उतरून पाहायचे असेल, तर ते कोटोरला.

मधल्या अंतराची बंदरे म्हणजे पिरियस आणि नेपल्स. पिरियसहून अथेन्सचे अंतर नाशिकरोडहून पंचवटीला यावे एवढेच, आणि मेट्रो थेट जाते. नेपल्सला शहर धक्क्यासमोरच आहे, पण पॉम्पेईचे अवशेष सुमारे २५ किलोमीटरवर आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले ते गाव उन्हात आणि दगडी रस्त्यांवरून पायी फिरायचे असल्याने दोन-अडीच तासांहून अधिक झेपणार नाही. अशा ठिकाणी अर्धा दिवस पुरतो. नेपल्स, रोम आणि बार्सिलोना येथे पाकीटमारांपासून मात्र सांभाळा. मंगळसूत्र आणि पाटल्या नाशिकलाच ठेवून जा.

लांबची बंदरे तीन: रोमसाठी चिविटावेक्किया, फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, ऑलिंपियासाठी काताकोलो. इथे मी जहाजाचीच सहल घ्यायला सांगेन. ती महाग असते, बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे असतात, वाटाड्या हातात नंबरची पाटी धरून पुढे चालतो, आणि एखाद्या दुकानात उगाच अर्धा तास जातो, हे सगळे खरे आहे. पण जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते, आणि थांबणे अशक्यच झाले तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था आणि खर्च जहाजाकडे असतो. स्वतःहून गेलेल्यांसाठी यातले काहीही होत नाही. तुमच्या घरात हे जादा पैसे यजमानांच्या स्वस्थतेचे आहेत, असे समजून द्या. बुकिंग करताना सहल किती चालण्याची आहे हे चिन्हाने दाखवलेले असते, ते गुडघेदुखी असलेल्या प्रत्येकाने पाहावे.

सँटोरिनी निराळेच आहे. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभे राहते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडतात. वर गावात जायला केबल कार, खेचरे, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजे आली की केबल कारची रांग उन्हात तास-दीड तासाची होते, आणि परतीला पुन्हा तेवढीच. म्हणजे तिथे परत फिरण्याची वेळ शेवटच्या बोटीवरून काढायची आणि रांगेचे दोन तास वेगळे राखायचे. यजमान तिथे "नको" म्हणाले, तर मी त्यांच्या बाजूची आहे. जहाजावरूनही ती कड्यावरची पांढरी घरे छान दिसतात.

या यादीवरून तुमच्या लक्षात येईल की तेराही ठिकाणी दोघांनी एकत्र उतरलेच पाहिजे असे नाही, आणि तेराही ठिकाणी एकटीने उतरण्याचेही कारण नाही. नणंदबाईंचे म्हणणे मी टाकाऊ मानत नाही. पण जोडीने जाणे म्हणजे दर तासाला शेजारी असणे, असा अर्थ त्या घरी तरी लावत असतील का? यजमान सकाळी कॉलेज रोडला फिरायला जातात तेव्हा तुम्ही बरोबर नसता आणि भिशीला तुम्ही जाता तेव्हा ते येत नाहीत, यात कोणाला काही वाटत नाही. शिवाय बंदराच्या दिवशी जहाज रिकामे असते, वाचनालयात शांतता असते, चहाला रांग नसते. कदाचित यजमानांना जहाजच आवडत असेल, आणि तुमच्याखातर ते खाली उतरत असतील. हे त्यांना विचारले आहे का? मुलीचा सल्ला मात्र मला घाईचा वाटतो. पहिल्याच बंदरात तुम्ही एकट्या निघून गेलात, तर यजमान दिवसभर जिन्यापाशी उभे राहतील, आणि तुमचेही लक्ष तिकडेच राहील.

एकटीने उतराल त्या दिवशी, किंवा दोघे असतानाही, चुकामुकीची जागा आधी ठरवा. सिंहस्थात गर्दीत शिरण्यापूर्वी आपण घरच्यांना सांगतो, "हात सुटला तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपाशी थांबायचे." तसेच व्हॅलेटात लिफ्टचे वरचे दार, कोटोरला वेशीची आतली बाजू. आणि शोधायला फिरायचे नाही, थांबायचे. तुम्ही ते एकदा केलेले आहे.

यजमानांना वाईटात वाईट काय होऊ शकते तेही सांगून टाका, कारण अर्धवट माहिती असलेले संकट पूर्ण माहिती असलेल्यापेक्षा मोठे दिसते. उतरताना आणि चढताना जहाजाचे कार्ड यंत्रावर टेकवावे लागते, ते टिंग वाजते, आणि कोण आत आहे नि कोण बाहेर हे जहाजाला कळते. कोणी आले नाही तर नावाने पुकारा होतो. तरीही आले नाही, तर जहाज सुटते, आणि त्या माणसाने स्वतःच्या खर्चाने पुढचे बंदर गाठायचे असते. मदतीला बंदरावर जहाज कंपनीचा एजंट असतो, त्याचा फोन नंबर रोजच्या पत्रिकेत बहुधा छापलेला असतो. म्हणजे पैसे जातात, एखादा दिवस जातो, मनस्ताप होतो. म्हणून उतरताना पिशवीत या गोष्टी हव्यातच: पासपोर्ट आणि व्हिसाची रंगीत प्रत (अनेक जहाजांवर आपले पासपोर्ट ते स्वतःकडे ठेवून घेतात), एक बँक कार्ड, थोडे युरो, दोन दिवसांची औषधे, आणि त्या दिवशीची पत्रिका. अनेक बंदरांत जहाजावरची फळे किंवा शिजवलेले अन्न खाली नेऊ देत नाहीत, तेव्हा बुफेतली केळी पर्समध्ये टाकू नका; घरचा सीलबंद चिवडा वेगळा.

व्हिसाचे तर आजच पाहा. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस हे शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, पण तुमच्या यादीतले माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान त्या गटाबाहेरचे. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल, तर कोटोरहून किंवा तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदराहून परत येताना अडचण उभी राहते. व्हिसा अनेकदा प्रवेश देणाराच हवा. आणि समुद्रात मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या उपग्रहावरून आलेल्या दोन फोनांचे बिल सहलीएवढे येईल.

एवढे करूनही काही बंदरे हुकतील. वारा असला तर जहाज बंदराला लागतच नाही, आणि कप्तानाच्या त्या निर्णयापुढे कोणाचा करार चालत नाही. तेराच्या तेरा पाहायचीच, हा आग्रह तुम्हीही थोडा सैल करा. पंचवटीत बस लावून उतरणारे यात्रेकरू आपण रोज पाहतो: काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, आणि ड्रायव्हरचा हॉर्न वाजला की चिवडा घेऊन पळत गाडीत. पाऊण तासात नाशिक झाले. आपण त्यांना हसतो. तेरा गावांत मिळून चार ठिकाणी तुम्ही अशा बसलात की उठावेसे वाटले नाही, तर पेनांगची भरपाई झाली असे मी धरेन.

बोलणे कुठून सुरू करावे असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. कागद-पेन घेऊन बसण्यापूर्वी, जळगावच्या फलाटावर त्या चार तासांत तुम्ही काय काय केले, मुलीला दूध कुठून आणले, कोणाशी बोललात, मनातून किती घाबरल्या होतात, हे यजमानांना एकदा सविस्तर सांगा. पत्रात तुम्ही ते अर्ध्या ओळीत उरकले आहे.